पेन्सिलीचा गोल

नात पेन्सिलीला टोक करायला बसली की तो वास येतो, आणि मी नांदेडच्या ह्या घरातून उठून लातूरच्या आमच्या गच्चीवर जाऊन पोचते. तिथे पत्र्याच्या सावलीत ह्यांनी तसल्याच वासाच्या देवदाराच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवत होडी करायला घेतली होती. नळाला पाणी नाही आणि घरात होडी, म्हणून सगळी गल्ली हसायची. मीही हसायचे.

त्या दुपारी होडीचा वरचा भाग पुरा झाला होता, झाकणासारखा सगळीकडून बंद. "बस जरा इथं, माप घ्यायचंय," हे म्हणाले. साडी सावरत मी वर चढून बसले. लाकूड उन्हानं कोमट झालं होतं.

"मला पोहता येत न्हाई हं."

"लातुरात बुडायला पाणी कुठं हाय?" म्हणत त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्याभोवती सावकाश गोल ओढला. तेवढं कापलं की बसायची जागा होणार होती.

"ही तर एकटीपुरती झाली. तुम्ही कुठं बसणार?"

"मी थांबतो की काठावर."

मला ती थट्टाच वाटली. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांनी मला कळूच दिलं नव्हतं. गोल कापायच्या आधीच हे गेले.

होडी इथं आणली आहे, व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवलीय. परवा ती रेघ पुसट झालेली दिसली. नातीची पेन्सिल मागून घेतली आणि तो गोल पुन्हा गिरवला.