काझी सरांची पेशी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने एका दुपारी सस्तन प्राण्याच्या हृदयपेशीत कॅल्शियमच्या कोठाराचे दार म्हणून जाहीररीत्या काम केले असून, त्या कामगिरीत सदर पेशी जागीच मरण पावली. तिच्या पश्चात दिग्रसच्या एका कॉलेजातला प्राणिशास्त्राचा वर्ग, विद्यापीठाची तीन माणसांची समिती आणि आमचे काझी सर असा परिवार होता.

आता मोकळेपणाने सांगतो. काझी सर हजेरी घेताना नाव पुकारत, पण कुणी ‘हजर’ म्हणायचं नाही. मूठ वळून हात वर करायचा आणि मूठ उघडायची. पहिल्या दिवशी मी सवयीने ‘यस सर’ म्हणालो, तर माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, “बोलाले तं पोपटबी बोलते, गावंडे. मूठ वळून दाखव.” मी वळली. “आता उघड. एवढ्यात तुह्या हातात किती कोठारांची दारं उघडली अन् लागली, माहीत हाय?” मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे हाताला कोठार असतं हेही माहीत नव्हतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. कॉलेजच्या तारेच्या कुंपणाला लागूनच बाजाराच्या गेटपर्यंत बैलगाड्यांची रांग असे. गेट कधी उघडेल याचा नेम नाही, उघडलं तर कधी लागेल त्याचाही नाही. भावाच्या मागणीसाठी मोर्चे निघत. एकदा आमचे प्राचार्य व्हरांड्यातून जात असताना त्यांना खिडकीतून एकामागून एक वर जाणाऱ्या मुठी दिसल्या. आंदोलन वर्गात शिरलं अशी त्यांची खात्री झाली आणि ते शिपायाला घेऊन धावत आले. सरांनी त्यांना शांतपणे रांगेत बसवलं आणि त्यांचीही मूठ वळवून घेतली. प्राचार्यांची हजेरी त्या दिवशी लागली, असं सर पुढे कितीतरी दिवस सांगत.

सर पिंजाऱ्याच्या घरचे. बाजारपेठेत वडिलांचं गाद्या भरण्याचं दुकान होतं आणि रविवारी सर स्वतः कापूस पिंजायला बसत. सोमवारी वर्गात आले की भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. ते तंतू हलवत हलवत ते आम्हाला पेशीच्या आत घेऊन जात. उशिरा येणाऱ्याला कधी रागावले नाहीत. दारातच म्हणत, “या, या मियाँ. तुमच्यावाचून वर्गाची मूठ वळून नाही राह्यली.”

कॅल्शियमवर सरांचा भलताच जीव होता. पेशीच्या आत एक बंद कोठार, त्यात कॅल्शियम भरून ठेवलेलं. ते बाहेर सुटलं की स्नायू आखडतो, परत भरलं की सैल होतो. हाताच्या मुठीला दार उघडण्याचा निरोप मज्जातंतूकडून येतो. हृदयात मात्र बाहेरून थोडंसं कॅल्शियम पेशीत शिरतं, कोठाराच्या दाराला टेकतं आणि दार उघडतं. आतलं कॅल्शियम धो धो बाहेर येतं. मग बाहेर ते फार झालं की तेच कॅल्शियम दाराला पुन्हा दुसऱ्या जागी टेकतं आणि दार लागतं. “किल्ली बी तेच, कुलूप बी तेच, अन् आतला माल बी तेच,” सर म्हणत आणि आनंदाने स्वतःच्याच मांडीवर थाप मारत. दार लागायला आणखीही कारणं आहेत, त्यावर मोठ्या लोकांची भांडणं चालू आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगत. मी मात्र वहीत लिहिलं : ‘सर आज गोंधळलेले आहेत.’

माझी हुशारी एवढीच होती. पण आवाज दणदणीत होता, गणेशोत्सवातल्या नाटकात मला शिट्ट्या मिळालेल्या होत्या आणि मी स्वतःला विदर्भाचा वाया चाललेला नटसम्राट समजत होतो.

त्यात ती समितीची बातमी आली. तिसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र घेतलेली आम्ही मुलं इतकी थोडी होतो की एका काळीपिवळी जीपमध्ये सगळा वर्ग मावला असता. वेचणीच्या दिवसांत निम्मी जीपही भरत नसे. एवढ्यांसाठी वर्ग चालवायचा की बंद करायचा, हे समिती बघून ठरवणार होती. बंद झाला तर माझ्यासारखे टारगट पोट्टे एसटीला लोंबकळत यवतमाळला गेले असते. मुलींना कुणी पाठवलं नसतं. तांड्यावरून रोज चालत येणारी सुनीता चव्हाण तर नक्कीच घरी बसली असती, हे तिच्या बापाने सरांना तोंडावर सांगितलं होतं. सर त्या दिवसांत मांडीवर थाप मारायचे विसरले होते.

समितीला काय दाखवायचं? आमच्याकडे होतं तरी काय? एक सूक्ष्मदर्शक, तोही मान मोडलेला. प्रयोगशाळेच्या दाराला वाळवी लागल्यामुळे ते काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. सर त्या रिकाम्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की पेशीच दाखवू, जिवंत. प्रयोगशाळा म्हणजे कोठार. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं उसनी आणून आमच्या वर्गासोबत त्यात भरायची, ते कॅल्शियम. पटांगण म्हणजे उरलेली पेशी. प्रत्येकाच्या मुठीत थोडी सरकी, म्हणजे कापसाचं बी. आणि चौकटीत हात पसरून, सरांचा काळा कोट घालून उभं राहायचं दार म्हणजे अर्थात मी.

कोटाला वर छातीशी एक लहान खिसा होता, खाली एक मोठा. बाहेरून दोन-चार जण येऊन वरच्या खिशात सरकी टाकतील, तेवढ्यात तो भरतो, तेव्हा दाराने उघडायचं. आतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने जाता जाता खालच्या खिशात सरकी टाकायची. तो सावकाश भरतो. भरला की दाराने लागायचं. मग दोन दांडगे पोट्टे बाहेरच्यांना धरून धरून परत आत आणतील. तालमी उत्तम झाल्या. मला संवाद नव्हते, ही एकच त्रुटी होती. मी सरांना तसं सुचवलंही. ते म्हणाले, “दार बोललं तं लोकं घर सोडून पळतीन, गावंडे.”

त्या दुपारी समिती आली. दोघे पुरुष सावली बघत होते आणि अध्यक्ष बाई घड्याळ. कुंपणाबाहेरचे गाडीवान बैल सोडून तारेला टेकून उभे राहिले. इतके प्रेक्षक मला जन्मात मिळाले नव्हते. वरचा खिसा भरला, मी झोकात उघडलो. कॅल्शियम शिस्तीत बाहेर येऊ लागलं, एकेक जण सरकी टाकतोय, सर समजावून सांगताहेत, सगळं पुस्तकात असतं तसं. आणि माझ्या लक्षात आलं की अध्यक्ष बाई माझ्याकडे बघतच नाहीयेत. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

हे कुठल्या नटाला सहन होईल? खालचा खिसा अजून अर्धाही भरला नव्हता. मी छाती भरून घेतली आणि खड्या आवाजात गरजलो, “गेट बंद होऊन राह्यलंऽऽ!”

आता, आत उभी असलेली पोरं कुणाची होती? कापसाच्या गाडीवर झोपून लहानाची मोठी झालेली. ही आरोळी ऐकली की बैलाच्या शेपटीला हात घालून गाडी आत घुसवायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, ते अंगातच होतं. हा खेळ आहे, आपण कॅल्शियम आहोत, गेटच्या पलीकडे फक्त पटांगण आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण पायांना कुठे ठाऊक होतं? सगळं कोठार एकदम माझ्या अंगावर आलं. खिसा, सरकी, कुणाला काही आठवलं नाही. दार चौकटीतून निखळलं, पटांगणात उताणं पडलं आणि त्याच्यावर कॅल्शियमची रास पडली. दोन दांडगे पोट्टे त्या राशीत सगळ्यात वर होते. कुंपणावरच्या गाडीवानांनी मात्र मनापासून टाळ्या वाजवल्या.

इथे थोडं थांबून पुढचं आधीच सांगून टाकतो. वर्ग बंद झाला नाही. मी पदवी घेतली, दारव्ह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, आणि दर स्नेहसंमेलनात माझ्या अभिनयाने एक वर्ग कसा वाचला ते सांगत आलो. सर निवृत्त झाले, मग त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी भेटायला गेलो तेव्हा चाचींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्यांना तक्क्याला टेकवून बसवलं होतं. मला बघताच त्यांनी डावी मूठ वळून उघडली. मग उजव्या हाताकडे, एखादा नवा बेडूक पाहावा तसं, कौतुकाने बघत म्हणाले, “कोठार भरलेलं हाय रे. दारं बी ठीक हायेत. निरोपच येऊन नाही राह्यला.” मी, जो कुठेही बोलायला चुकत नाही, नुसती मूठ वळून उघडून दाखवली. त्याच हिवाळ्यात सर गेले. मय्यतीच्या वेळी कबरीवर माती टाकताना मूठ उघडायला मला फार वेळ लागला.

तर ती दुपार. धूळ खाली बसली. सर राशीजवळ आले, कुणाचं काही मोडलं नाही हे आधी पाहिलं आणि समितीकडे वळून म्हणाले की ही पेशी मेली. हृदयाच्या पेशीत दार वेळेवर लागलं नाही तर पेशी आखडलेलीच राहते. काही माणसांच्या स्नायूंत हे दार जन्मापासूनच ढिलं असतं. ऑपरेशनच्या वेळी भूल दिली की ते उघडं राहतं, अंग लाकडासारखं ताठ होतं, ताप चढत जातो, आणि ओळखलं नाही तर माणूस जातो. सर बोलायचे थांबेनात.

अध्यक्ष बाई आता घड्याळाकडे बघत नव्हत्या. त्या पुढे आल्या, सरांना हाताने थांबवलं आणि राशीकडे बघून म्हणाल्या, “सरांनी सांगू नये. मुलांपैकी कुणीतरी सांगा. दार का लागलं नाही? चूक कुणाची?”

सर खाली बघू लागले. वर्ग टिकणं आता या उत्तरावर होतं, हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही. मी धुळीतून कोपरावर उठलो. चूक माझी, संपूर्णपणे माझी, असं एक हृदयद्रावक भाषण माझ्या ओठांवर तयार होतं. नाटकाचा शेवट दारानेच करायला हवा होता. मी घसा साफ केला. तेवढ्यात माझ्या पायांवर पडलेली, वर्षभरात वर्गात एक शब्दही न बोललेली सुनीता चव्हाण खरचटलेलं कोपर झाडत बोलून गेली :

“चूक आमची हाय, मॅडम, कॅल्शियमची. थोडे होतो तवा आमीच त्याले उघडलं, अन् लय झालो तवा आमीच त्याले लावाले पाह्यजे होतं, पण खालच्या खिशात सरकी टाकाले कोनी थांबलंच नाई. दाराले कायले विचारता, ते तं नुसतं उभं होतं.”