औषध घातलेल्या डोळ्यांची तपासणी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आमच्या ऑफिसच्या बसच्या ड्रायव्हरनी डोळ्यांत औषध घातल्याचं मला सांगितलं होतं, आणि मी ऐकूनही ते सोडून दिलं.

आमची कंपनी ड्रायव्हरची पेंग ओळखणारं यंत्र बनवते. माणूस टक्क जागा असला की अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी राहते. पेंग यायला लागली की ती आकसते, कमीजास्त होत राहते. कॅमेरा ते मोजतो. आधी ज्याची त्याची ताजेपणीची बाहुली मोजायची आणि मग तिच्याशी ताडून बघायचं, ही खरी पद्धत. त्या दुपारी यंत्र बघायला पाहुणे आलेले, घाई होती. मी ते मोजमाप गाळलं आणि सगळ्यांना एकच माप लावलं.

खुर्चीत आमचे ड्रायव्हर बसले. लोणी काळभोरचे, माझ्याहून थोडे मोठे. दिवा मालवताना हळूच म्हणाले, "साहेब, काचबिंदूचं औषध घातलंय सकाळी. त्यानं बाहुली बारीक होती म्हणं. चालंल न्हवं?"

"बसा हो, काही होत नाही."

पडद्यावर पेंगेची लाल खूण आली. पाहुणे खूश. मागून आमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, "बसमध्ये आपण झोपतो, हेही झोपतात. एकटं कुणालाच वाटायला नको." सगळे हसले. "न्हाई ओ, जागा हाय मी," ते म्हणाले, माझ्याकडे बघून. मी पडद्याकडे बघत राहिलो.

नंतर वरच्यांनी मला विचारलं. यंत्र बरोबर आहे, म्हणालो. त्यांना बसवरून काढून पार्किंगला उभं केलं. दिवसा गाडी चालवायला त्यांच्या डॉक्टरांची हरकत नव्हती, पण ठपका डोळ्यांचा नव्हताच, झोपेचा होता.

संध्याकाळी बसमधून मांजरी गावाला उतरणारा मी शेवटचा. हडपसर मागे पडलं की बसमध्ये आम्ही दोघंच उरायचो. मी एकटा राहतो. कामाशिवाय माझ्याशी बोलणारे ते एकटेच होते. "आज काय शिजवणार?" विचारायचे. खिचडी म्हटलं की, "कालचीच का नवी?" नवा ड्रायव्हर बोलत नाही. मीही आता पुढच्या सीटवर बसत नाही.

परवा ते पार्किंगमध्ये दिसले. "बरंय ना?" मी विचारलं.

"बरंय की. हितं झोपलो तरी कुणी मोजत न्हाई."

ऑफिसात अजून त्यांचा विषय निघाला की हसतात. ते जागे होते आणि चूक माझी होती, हे हसणाऱ्यांना आणि वरच्यांना सांगायचं, मग ड्रायव्हरची माफी मागायची. एवढं माझ्याकडून अजून बाकी आहे.