करंजाच्या कोल्ड स्टोरेजमधलं अनोळखी कार्ड

आमचं ऑफिस नवीन पनवेलला, तळमजल्यावरच्या दोन गाळ्यांत. कारखान्यांमधली यंत्रं कॉम्प्युटरला जोडून द्यायची, हा आमचा धंदा. माझ्यासमोरच्या टेबलावर मॅडम बसायच्या. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेल्या इंजिनिअर. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. भावंडं केव्हाच इस्रायलला गेली, या मात्र इथेच राहिल्या. त्यांच्याइतकं शांतपणे काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

करंजा बंदराजवळ एका कोळी मालकाचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथला जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून आम्ही नवा बसवला. थंड खोल्यांचं तापमान सिरीयल केबलमधून कॉम्प्युटरकडे येतं आणि ते चढलं की भोंगा वाजतो. नव्या कॉम्प्युटरला ती केबल लावायचे सिरीयल पोर्ट नव्हते, म्हणून चार पोर्टचं कार्ड आत बसवलं. पण कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स सिस्टीमला ते पोर्ट दिसेचनात.

"कार्ड खराब निघालं. बदलून आणू," मी म्हणालो.

मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "खराब असतं तर स्वतःचा नंबर सांगितला असता का? हा बघ. कार्ड चालवणारा जो प्रोग्रॅम, ड्रायव्हर, त्यात ओळखीच्या कार्डांचे नंबर लिहिलेले असतात, त्यात हा नाही. नवीन मॉडेल आहे, आपल्या सिस्टीमला ठाऊक नाही, एवढंच."

त्यांनी तो नंबर ड्रायव्हरमध्ये घातला, ड्रायव्हर नव्याने तयार केला, आणि चारही पोर्ट उगवले. मी टाळी वाजवणार, तोच तापमानाच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं यायला लागली.

मालक मागे उभे होते. "मॅडम, ही कंची भासा हाय?"

"अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलली. शुक्रवारची दुपार कलत आली होती. सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होई आणि शनिवारी त्या कामाला हात लावत नसत. हे मालकांना सांगताना त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं.

मालक हसले. "तुमचा सन तो सन. नारली पुनवेच्या आधी आमीबी दर्यात होरी काढत नाय. मानसं बघतील मीटर, काय काळजी करू नका."

शनिवारी मी एकटाच गेलो. कार्डाचे दोन पोर्ट एकमेकांना जोडून मजकूर पाठवला. अक्षर न् अक्षर बरोबर आलं! म्हणजे दोष थंड खोल्यांच्या मीटरमध्येच, असं मी रविवारी करंजाला आलेल्या मॅडमना ठासून सांगितलं.

"अरे, दोन्ही पोर्ट एकाच कार्डाचे," त्या म्हणाल्या. "अक्षरं पाठवायचा वेग चुकलेला असेल तर दोघांचा सारखाच चुकणार. त्यांना एकमेकांचं कळणारच."

त्यांनी घरून जुना लॅपटॉप आणला होता, स्वतःचा सिरीयल पोर्ट असलेला. तो कार्डाला जोडून त्या एकेक वेग बदलत गेल्या. एका ठिकाणी चिन्हं गेली आणि सरळ अक्षरं आली. कार्ड आठपट वेगाने बोलत होतं. त्यावर वेग ठरवणारं क्रिस्टल नेहमीपेक्षा जलद बसवलेलं होतं आणि ड्रायव्हर साधं समजून हिशेब करत होता. मॅडमनी ड्रायव्हरमध्ये खरा वेग लिहिला, आणि मीटरचे आकडे स्वच्छ दिसू लागले. मालकांनी थंड खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवून भोंगा वाजवून घेतला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

माझ्या मते काम संपलं होतं. मॅडमच्या मते नव्हतं. "आपल्यापुरतं ठेवलं तर पुढच्या अपडेटला पुसलं जाईल. शिवाय हे कार्ड आणखी कितीजणांकडे असेल." लिनक्स जगभरचे लोक मिळून घडवतात; त्यातला हा भाग सांभाळणाऱ्यांना त्यांनी तो बदल मेलने पाठवला.

उत्तर कोरडं आलं: कारण नीट लिहिलेलं नाही, मांडणी नियमाप्रमाणे नाही. वाचून मलाच राग आला. इतकी वर्षं काम केलेल्या बाईंशी असं बोलायचं? मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी घाई केली." पुन्हा लिहून पाठवलं. मग विचारणा आली की चारही पोर्ट तपासले का. करंजाला दोनच वापरात होते. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन, उरणच्या बसने, गव्हाणमार्गे त्या पुन्हा गेल्या आणि उरलेले दोन तपासून आल्या. तिसऱ्या खेपेला बदल लिनक्समध्ये घेतल्याचं एका ओळीचं उत्तर आलं. ती ओळ त्यांनी मला दाखवली आणि चहा मागवला.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका कारखान्यात मी तेच कार्ड नव्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. कॉम्प्युटर सुरू केला. चारही पोर्ट आपोआप हजर, वेगही बरोबर. मला काही करावंच लागलं नाही. तिथल्या लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र कितीतरी वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिलो. मग मॅडमना फोन लावला.

त्याच आठवड्यात करंजाचे मालक ऑफिसात आले, हातात बर्फ घातलेला डबा. "सुरमई हाय, मॅडम. कोलंबी चांगली आलेली, पन बिनखवल्याचं तुमच्यात चालत नाय, म्हनून नाय आनली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमची आजी तुमच्याच लोकांच्या दारी मासली इकायची," ते म्हणाले आणि डबा त्यांच्या टेबलावर ठेवला.