मास्कची गाठ मारता मारता

जुने सोबती भेटले की किस्से निघतातच, पण आमच्या पिंपरीच्या औषधाच्या कारखान्याचे तर संपता संपत नाहीत राव! आणि गंमत म्हणजे त्यातलं एकही बोलणं मिनिटभराच्या वर नाही.

छप्पन-सत्तावन्न साल असेल. कारखाना नवा, भोवती अजून ज्वारीची शेतं. औषध बाटल्यांत भरायच्या खोलीत बोलायला सक्त बंदी, कारण श्वासातून जंतू जातात. पांढरे कपडे, टोपी, तोंडाला मास्क. उघडे फक्त डोळे. मास्कच्या नाड्या मागून बांधायला दाराशी भिकूअण्णा असत. कारखान्याची जमीन पूर्वी त्यांचीच. गाठ मारता मारता अण्णा काहीतरी बोलून जात आणि गाठ बसली की आपल्याला उत्तर द्यायची सोय नसे! मग तेवढंच वाक्य शिफ्टभर डोक्यात घोळायचं.

*

कोकणातल्या सावंताला घरची फार आठवण यायची. "अण्णा, मी चाललो घरी," तो एकदा म्हणाला.

"मी तर घरीच हाय," अण्णा गाठ आवळत म्हणाले. "तू हुबा हाईस ना, तिथं माझा गोठा व्हता."

सावंत रिटायर होईपर्यंत पिंपरीतच राहिला!

*

जोशी तळेगावला मुलगी पाहून आला. तोंड पाडून म्हणाला, "सगळं छान आहे, पण माझ्यापेक्षा उंच आहे हो!"

"बरंच की! फळीवरचा डबा तुला काढाया नको."

जोशी मास्कच्या आत दिवसभर हसत होता. संध्याकाळच्या गाडीने थेट तळेगावला गेला आणि होकार देऊन आला.

*

माझ्या वेळी मात्र मला हसू आलं नाही.

समोरच्या टेबलावर लीला बाटल्या भरायची. हे नावही अण्णांकडूनच कळलेलं. बायकांचं दार वेगळं, त्यामुळे तिचे डोळे सोडून मी काहीच पाहिलं नव्हतं. फाटकात शेजारून गेली असती तरी ओळखलं नसतं. काचेतून दुपारचं ऊन यायचं, मशीन घूं घूं करायचं, मध्येच ते डोळे वर व्हायचे. मी झोपेत असल्यासारखा बुचं लावत राहायचो. प्रेमातच पडलो होतो, दुसरं काय!

"समोरची पोरगी नोकरी सोडतीया," एका शनिवारी अण्णा मागून म्हणाले. "नाशकाला मामाकडं लगीन ठरवत्यात. आज शेवटचा दिस."

मी वळेपर्यंत गाठ बसली होती.

शिफ्ट संपत आली. लीलाने डोळे वर केले, ते खाली नेलेच नाहीत. आणि मी नियम धाब्यावर बसवून चक्क बोललो, "जाऊ नका."

"बरं," ती म्हणाली.

सुपरवायझर धावत आले. "कोण बोललं?"

आम्ही दोघांनीही हात वर केले. भरलेल्या बाटल्या वाया गेल्या आणि आम्हा दोघांना पुरुषांच्याच दाराने बाहेर काढलं. अण्णांनी माझी गाठ सोडली, तिने तिची.

लीला माझ्याकडे बघतच राहिली.

"अगं बाई! तुम्हाला मिशा आहेत?"