बरोबरीचा अर्ज

वकीलबाई बुद्धिबळ शिकल्या त्या कोर्टातच, आणि त्याचं श्रेय कोर्टाच्या दिरंगाईला. साडेदहाची केस पुकारली जायची तीन वाजता. मधल्या वेळात वकिलांच्या खोलीत पुरुष मंडळी पट मांडून बसत आणि बाई कोपऱ्यात फायली वाचत. पण माणूस वाचून वाचून किती वाचणार? एकदा त्या सरकारी वकिलांच्या मागे उभ्या राहिल्या आणि न राहवून बोलून गेल्या, "अहो, घोडा जातोय तुमचा."

घोडा खरंच गेला. सरकारी वकील वैतागले. "एवढं कळतंय तर बसा की समोर!"

बाई बसल्या. त्या दिवशी हरल्या, दुसऱ्या दिवशीही हरल्या. महिन्याभरात मात्र अशी वेळ आली की त्यांच्यासमोर बसायचं म्हटलं की एकेकाला नेमकी महत्त्वाची फाइल आठवायची.

एकतिसाव्या वर्षी त्यांनी पहिल्या स्पर्धेत नाव घातलं. समोर बसलेल्या गृहस्थांनी अदबीनं विचारलं, "आपण कुणाबरोबर आलात?" बाई म्हणाल्या, "तुमच्याबरोबर खेळायला आलेय." बाविसाव्या चालीला गृहस्थांनी राजा आडवा केला आणि चहा न घेताच निघून गेले. बिचारे!

तिथून पुढे बाईंचा आठवडा ठरूनच गेला. पाच दिवस कोर्ट, शनिवार-रविवार पट. कुठल्याशा शाळेच्या सभागृहात लाकडी बाकांवर सहा-सहा तास बसायचं, संध्याकाळी पाठ धरून घरी यायचं आणि सोमवारी काळा कोट चढवून पुन्हा उभं राहायचं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. बुद्धिबळातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण बाईंनी दारात चप्पल नीट काढून ठेवली तर जिंकल्या आणि भिरकावली तर हरल्या, एवढं तो आतल्या खोलीतूनही ओळखायचा. चप्पल भिरकावली गेली की गुपचूप उठून चहा टाकायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे बाई स्वतःच चारचौघांत सांगत.

कोर्टात त्यांचा दरारा वेगळ्याच गोष्टीसाठी होता. समोरच्याची बाजू कितीही भक्कम असो, अर्ज रीतसर नसेल तर बाई तो उभाच राहू देत नसत. "आधी अर्ज, मग कृती!" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कोर्टातले कारकून त्यांच्या पाठीमागे त्याची हुबेहूब नक्कल करायचे. परवानगी न घेता भिंत पाडून मग परवानगीला धावणारे, मुदत संपल्यावर जागे होणारे, अशा सगळ्यांना बाईंनी त्या चार शब्दांत लोळवलं होतं. पुढे पुढे तर समोरचे वकीलच आपल्या पक्षकाराला बजावत, "त्या बाई आहेत समोर. कागद नीट ठेवा."

तर अशा या बाई. स्पर्धा जिंकल्या, पेले आणले, दुकानातल्या काचेच्या कपाटात चष्म्यांशेजारी मांडले. पण वर्षाकाठची अजिंक्यपदाची मोठी स्पर्धा काही हाती लागली नाही. कारण एकच. मास्तर.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे. सात वेळा अजिंक्य. बारीक अंगाचा, कधीही घाई न करणारा माणूस. तेवीस वर्षांत बाई त्यांच्याशी अकरा डाव खेळल्या आणि अकराही हरल्या. दोनदा तर शेवटच्या फेरीत हरून अर्ध्या गुणानं दुसऱ्या आल्या. मास्तर वाईट बोलत नसत, तेच तर दुखायचं. हात मिळवून म्हणायचे, "छान खेळलात हं." वर्गातल्या ढ मुलीला म्हणावं तसं.

आता बाई चोपन्नच्या झाल्या होत्या. चार तासांनंतर डोळ्यांपुढे घरं नाचायला लागायची. नवऱ्यानं चष्मा बदलून दिला, म्हणाला, "डोळे ठणठणीत आहेत, थकवा आहे हा." बाईंना ते ठाऊक होतं. यंदा नाही तर पुढे जमायचं नाही, हेही त्यांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं. आणि यंदा योग असा आला की शेवटच्या फेरीआधी बाई मास्तरांच्या अर्ध्या गुणानं पुढे होत्या. समोर अर्थातच मास्तर. बाईंना बरोबरी पुरेशी होती, मास्तरांना जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

सभागृह खच्चून भरलं. कोर्टातली अर्धी मंडळी मागे उभी. नवरा दुकान बंद करून पहिल्या रांगेत, हातात वर्तमानपत्र, तेही उलटं धरलेलं.

मास्तरांनी नेहमीसारखं शांतपणे दाबत आणलं. तीन तासांत बाईंची दोन प्यादी गेली. पण मास्तरांचा राजा जरासा उघडा पडला आणि बाईंनी वजीर आत घुसवला. शह. राजा कोपऱ्यात. पुन्हा शह. राजा बाहेर. पुन्हा तेच. एकच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. बाईंनी मनात मोजलं. या शहानंतर तिसरी वेळ. झालं! त्यांनी घाईघाईनं वजीर उचलला, शह दिला, घड्याळाचं बटण दाबलं आणि हात वर करून पंचांना बोलावलं.

"तिसऱ्यांदा तीच स्थिती. बरोबरीची मागणी करते."

पंच म्हणजे बँकेतले निवृत्त कॅशियर, एका पैशाची चूक न खपवणारे. त्यांनी दोघांचे कागद पाहिले, पट पाहिला आणि घसा साफ केला. "स्थिती तिसऱ्यांदा आली आहे, बरोबर. पण बाई, चाल आधी कागदावर लिहून, न खेळता, मला सांगायला हवी होती. तुम्ही खेळून मोकळ्या झालात. आता मागणीचा हक्क मास्तरांचा."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "आधी अर्ज, मग कृती," आणि दाबलेलं हसू मागच्या भिंतीपर्यंत पसरलं.

बाईंचे कान तापले. चोवीस तास दुसऱ्याच्या चुका काढणारी बाई, आणि स्वतः हे केलं! सरकारी वकील मागून खुणा करत होते: हरकत घ्या, अपील करा! अपिलाला समिती होती, मुद्देही सुचत होते. बाई उभ्या राहिल्या. आता बाई बोलणार आणि पंचांची गाळण उडणार, असं सगळ्यांना वाटलं.

"पंचांचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "चूक माझी." आणि खाली बसल्या.

मास्तर बरोबरी कशाला मागतील? ते दहा मिनिटं विचार करत राहिले. राजा पुन्हा कोपऱ्यात नेला असता तर तीच रड, आणि या खेपेला बाईंनी आधी लिहून मागितली असती. म्हणून त्यांनी राजा पुढे काढला, आपल्याच प्याद्यांच्या आडोशाला.

त्या दहा मिनिटांत बाईंना एक गोष्ट लख्ख कळली आणि ती कळल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. बरोबरी त्यांनी हिशेबानं मागितलीच नव्हती. त्या घाबरल्या होत्या. तेवीस वर्षं या माणसाला घाबरत होत्या, आणि ती मागणी म्हणजे पळून जायची वाट होती. म्हणून तर एवढी घाई झाली. आता ती वाट बंद होती. बरं झालं, मरो ती वाट!

त्यांनी पटाकडे पाहिलं, नव्यानं पाहावं तसं. शह द्यायचा मोह होत होता, पण त्यांनी दिला नाही. घोडा मागे घेतला, एक साधी, बिनआवाजाची चाल. मास्तर पुढे झुकले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. राजाला पुढे जागा नव्हती आणि परतीचं घर घोड्यानं धरलं होतं. आणखी सहा चाली मास्तरांनी झगडून पाहिलं. सातव्या चालीला त्यांनी घड्याळ थांबवलं आणि हार मानली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवऱ्यानं शेजारच्याला विचारलं, "म्हणजे बरोबरी झाली ना?" आणि उत्तर ऐकून वर्तमानपत्र तिथंच टाकून उभा राहिला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

मास्तरांनी हात पुढे केला. या खेपेला "छान खेळलात" नाही. बराच वेळ त्यांनी हात सोडलाच नाही.

"बाई, मघाशी पंचांनी तुमचा अर्ज मान्य केला असता ना," ते म्हणाले, "तर तुम्हाला नुसता पेला मिळाला असता."