राग : नाही

माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. शिक्षिकेच्या कोर्सला गेले, तर तिथल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात ते ओळखलं. म्हणाल्या, "रोज दिवेलागणीला पाच ओळी लिहा. आपण कुठं चिडलो, कुठं सावरलो. वर्षभरात माणूस बदलतो." दादाला कारखान्यातून नव्या वर्षाची डायरी मिळाली होती, ती मी ढापली. पानोपानी तारीख, वार, तिथी छापलेली. शेवटची ओळ मी ठरवूनच टाकली : 'राग : हो' किंवा 'राग : नाही'. लिहायची सवय लागली ती लागलीच, अजून लिहिते. ती ओळ मात्र आता नसते.

पहिले तीन महिने 'हो'च होतं आणि कारण एकच, बाबा.

आई गेल्यावर बोनकोड्याच्या घरात आम्ही तिघं उरलो होतो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आमची खाडीकाठची भातजमीन सरकारनं नव्या शहरासाठी घेतली, तिच्यावर मातीचा भराव पडला, त्यालाही काही वर्षं झाली होती. खाडी लांब गेली, घरातून ना दिसायची ना ऐकू यायची. पूर्वी खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध बाबा सांभाळत. आता त्यांना आपण जेवलो हेही आठवत नसे. पण रोज केव्हातरी ते अंगणातून उठत, "बाय, बांद बघून येतों" म्हणत आणि भरावाकडे चालू पडत. तिथं इमारतींचे पाये खणलेले, पुरुषभर खोल खड्डे. मी हातातलं टाकून धावायची, दंडाला धरून त्यांना ओढत आणायची आणि वाटेत तोंडाचा पट्टा सोडायची. बांध नाही, शेत नाही, राखताय कुणाचं?

निघण्याला काही नेम नसे. कधी सकाळी, कधी ऐन दुपारी, कधी दिवे लागताना. चिडले की मी वेळही डायरीत लिहायची, म्हणजे दादाला दाखवता येईल.

एकदा ते खड्ड्याच्या काठावर पालथे पडून आत हात घालताना सापडले. जणू पाण्याचा अंदाज घेत होते. मागून मातीचा ट्रक येत होता. संध्याकाळी दादा म्हणाला, "खोलीला कडी घाल. खड्ड्यात पडले तर काय करशील?" त्याचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या खोलीला बाहेरून कडी घालू लागले. त्या खोलीला खिडकी नव्हती.

बाबा ओरडले नाहीत. दिवसातून एकदा आतून तळहातानं दार वाजवत, हळू, एका लयीत, अर्धा तास. मग एकदम थांबत. काही दिवसांनी मला तो आवाज होण्याआधीच कळू लागला. तांदूळ निवडताना हात थांबायचा, अंगाला गार वाटायचं आणि मग दार वाजायचं. मी डायरीत लिहायची : आज सहाला वाजवलं, मी शांत राहिले. राग : नाही. महिनाभर नाही, नाही, नाही. बाईंनी माझी पानं वर्गात वाचून दाखवली. मी खूश झाले, खोटं कशाला सांगू.

त्याच संध्याकाळी ते 'नाही' मोजायला बसले आणि नजर पानाच्या वरच्या कोपऱ्यात गेली. चतुर्थी, वाजवलं तीनला. अष्टमी, सहाला. द्वादशी, नऊला. मी कडीच्या आधीची पानंही उलटली, तिथंही तेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भर भरतीला बांधावर माणूस लागतो. पाणी एकदा आत शिरलं की भात गेलंच. घड्याळ नसलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत बाबांना पाणी चढलेलं कळत होतं. सोड म्हणून ते रोज विनवत होते आणि मी स्वतःला शाबासकी देत होते.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती, भरती सव्वाअकराची. मी अकराच्या आधीच जाऊन दाराशी बसले. बारा वाजून गेले तरी दार वाजलं नाही. मीच कडी काढली. "बाबा, चला. मी पन येतें बांदावर."

ते खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. चपला, तांब्या, आईची ट्रंक, सगळं त्यांनी खाटेवर उचलून ठेवलं होतं. माझ्या पायाखालच्या जमिनीकडं बघत म्हणाले, "आता जाऊन काय करू? खांड परली, बाय. पानी घरात हाय." बांध फुटून जे भगदाड पडतं त्याला आमच्याकडे खांड म्हणतात.

"कवा परली?" मी विचारलं.

"तू कडी घातलीस तवा."

आवाजात राग नव्हता. मग त्यांनी माझ्यापुढं हात केला. "वर ये. भिजशील."

जमीन ठणठणीत कोरडी होती. तरी मी पाय वर घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि खूप रडले. बाबा दिवाळीपर्यंत जगले. आम्ही दोघं त्यांना उचलून न्यायचो, आणायचो. त्या दिवसानंतर त्यांनी जमिनीला पाय लावला नाही.