गोड्या विहिरीवरचा पहारा

शालिनीताई दळवी यांना मी प्रथम पाहिलं ते आमच्या गावच्या विहिरीच्या काठावर, आणि त्या वेळी गावातल्या एकालाही त्या तिथे नको होत्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नायगावच्या पूर्वेला, खाडीलगतचं आमचं गाव. भाताची खाचरं, बाजूला मिठागरं, आणि पिण्याजोग्या पाण्याची एकच विहीर. वसई रोडला इमारती भराभर उठत होत्या, त्यांना नळ नव्हते. टँकर आसपासच्या विहिरी उपसून तिकडे पाणी विकत. शेजारच्या गावाची विहीर अशीच रात्रंदिवस उपसली गेली, खाडीचं पाणी आत शिरलं आणि ती कायमची खारी झाली. त्यामुळे अनोळखी माणूस विहिरीत डोकावला, तरी आमच्याकडे चार जण गोळा होत.

अशात वसई रोडचा एक सेवा क्लब आला आणि म्हणाला, तुमच्या विहिरीचा गाळ आम्ही फुकट काढून देतो. पुढे उभ्या होत्या त्या क्लबच्या अध्यक्ष शालिनीताई. मुंबईला तार कार्यालयात नोकरी, राहायला वसई रोडच्या नव्या इमारतीत.

माझे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, त्यांनी सरळ विचारलं, "बाई, तुमच्या घरी पानी कुठून येतं?"

"टँकरने," शालिनीताई म्हणाल्या.

"मग तुमाला आमच्या विहिरीची काळजी कशाला?"

"तुमचा संशय बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुमची माणसं काठावर बसवा. काही वेडंवाकडं दिसलं तर मला बोलवा."

गोड बोलणाऱ्यांची गावाला सवय होती, पण 'संशय बरोबर आहे' म्हणणारं कुणी आलं नव्हतं. त्यानेच तात्यांचा संशय वाढला. तरी पंचांनी होकार दिला, कारण विहीर खरोखरच गाळाने भरली होती. क्लबच्या एका सभासदाने, त्यांचं नाव इथे लिहीत नाही, मोठा डिझेल पंप दिला. क्लबच्या माणसांनी पँटी दुमडून आमच्या पोरांबरोबर घमेली उचलली. झरे मोकळे झाले. आमच्या बायकांनी नारळ फोडला.

पंप मात्र गेला नाही. ताडपत्री घालून तो तिथेच राहिला. काही दिवसांनी एका ट्रकने लोखंडी पाइप आणून टाकले आणि विहिरीपासून रस्त्यापर्यंत चर खणायला मजूर आले.  संध्याकाळी मी वालीवच्या कारखान्यातून घरी आले, तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, "उद्या त्या क्लबच्या बाईकडे जा. काय सांगते ते ऐकून ये."

मी गेले. ताईंच्या घरात मोरीपासून दारापर्यंत पिंपं आणि बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. ते पाणी कुठल्या विहिरीचं असेल, असं माझ्या मनात आलंच. पाइपांचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांना हे ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून त्या छान अभिनय करत होत्या, मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या गावात आल्या, पंप देणाऱ्या त्या सभासदांना सोबत घेऊनच. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "पंप कधी नेताय?"

"राहू दे ना ताई, गावालाच उपयोग होईल."

"आणि पाइप?"

ते हसले. "जास्तीचं पाणी वायाच जातं. तुमच्या सोसायटीलाही टँकर मीच पाठवतो. तुम्हालाच सोपं पडेल."

गावाने ताईंकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "क्लबच्या नावावर हा पंप इथे आला. आज तो जाईपर्यंत मी इथून हलणार नाही." आणि त्या काठावर बसल्या. दुपार टळली तेव्हा ट्रक आला आणि पंप, पाइप सगळं घेऊन गेला. जाताना त्या गृहस्थांनी ताईंकडे पाहिलंही नाही.

त्याच आठवड्यात ताईंच्या इमारतीचा टँकर बंद झाला. शेजारी दारात येऊन भांडले. त्यांच्या वृद्ध सासूबाई हातात कळशी घेऊन जिने चढू लागल्या. क्लबमधले निम्मे लोक त्या सभासदाबरोबर निघून गेले.

हे कळल्यावर तात्यांनी टेम्पोत विहिरीच्या पाण्याने भरलेली दोन पिंपं चढवली आणि मला पाठवलं. निघताना म्हणाले, "घेते का बघ." ती मदत होती तशी परीक्षाही होती.

सासूबाईंनी पिंपं पाहून पदराने डोळे टिपले. शालिनीताईंनी पिंपावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "परत ने गं. आज हे घेतलं, तर पंप मी माझ्या घरासाठी काढायला लावला असं होईल. तात्यांना नमस्कार सांग."

मी पाणी परत आणलं. तात्यांनी ते वाफ्यात ओतलं आणि जेवायला बसले. 

पुढे मीही क्लबची सभासद झाले. उरलेल्या मोजक्या माणसांवर ताईंनी तो पुन्हा उभा केला. प्रत्येक बैठकीत त्यांचा एकच प्रश्न असे, "हे त्यांना हवंय, की आपल्याला?" चिंचोटीच्या एका पाड्यावर आम्ही जुने कपडे वाटायला निघालो होतो. ताई आधी एकट्या जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "तिथल्या बायकांना कपडे नकोत, दिवस भरलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला गाडी हवी आहे." गाडी मिळाली. माझ्या आईच्या आजारपणात तिची पथ्याची पेज त्यांनी स्वतः करून आणली. त्याबद्दल मी एका सभेत बोलले, तर त्या माझ्यावर रागावल्या.

गावाने मात्र त्यांना सहजासहजी सोडलं नाही. प्रत्येक निवडणुकीला लोक म्हणत, आता बाई उभी राहणार. त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. तरी पारावर अजून कुणीतरी म्हणतंच, एवढं केलं ते उगाच नाही.

ताईंच्या एकसष्टीचा हा अंक निघतोय, हे मी तात्यांना सांगितलं. ते आता थकले आहेत, ऐकू कमी येतं. दोनदा सांगितल्यावर म्हणाले, "माझा अजून तिच्यावर पुरा भरवसा नाय. अजून लय वरसं बघायला लागंल. तिला सांग, तब्येत सांभाळ. मीपन हाय बघायला."

ताई, तात्यांचा निरोप पोचवला. त्यांचा भरवसा बसायला लागतील तेवढी वर्षं तुम्हाला धडधाकट लाभोत, आणि तो लवकर न बसो, एवढंच मागते.